कोऱ्या वहीतलं काळीज

आमच्या शाळेत संगणक होते आणि ते कुणी वापरू नयेत म्हणून एक खोली होती. मिरा रोडची मराठी माध्यमाची शाळा. पटावरची मुलं दरवर्षी कमी होत होती. अशा शाळेला कुण्या पुढाऱ्याने दहा संगणक भेट दिले होते. ते तळमजल्यावर कुलपात होते आणि दारावर त्या पुढाऱ्याच्या फोटोसकट पाटी होती. आत शिवणाच्या बाईंनी शिवलेली जांभळ्या मखमलीची दहा आवरणं, त्यांना सोनेरी झालर. चपला बाहेर काढून आत जायचं आणि कशाला हात न लावता बाहेर यायचं. दसऱ्याला तेवढी मखमल वर व्हायची आणि प्रत्येक मॉनिटरच्या कपाळाला कुंकू लागायचं. मुलं संगणक शिकत ती वहीत. आकृती काढा, भागांना नावे द्या. माउस नीट काढला नाही म्हणून एका मुलाने हातावर पट्टी खाल्लेली मी पाहिली आहे. खरा माउस त्याच्या पायाखालच्या मजल्यावर झोपलेला होता.

किल्ली मोठ्या बाईंकडे असे. मुख्याध्यापिकेला आमच्याकडे सगळे मोठ्या बाई म्हणत. मला त्या आवडत नसत. हे आत्ता सभ्यपणे लिहितोय, तेव्हा स्टाफरूममध्ये याहून वाईट बोलत असे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. घरोघरी मुलांना क्लास लावून संगणक शिकवत होते, आणि आमच्याकडे मात्र मखमल. मी किल्ली मागितली की बाई म्हणत, "सर, काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची?" मी म्हणायचो, "वापरलंच नाही तर बिघडलेलंच आहे की." यावर त्या चष्मा काढून पुसायच्या. त्यांचं प्रत्येक उत्तर चष्मा पुसण्याने संपायचं.

मी नववीला विज्ञान शिकवत होतो. शेवटी मी तो नाद सोडला आणि माझा स्वतःचा संगणक शाळेत न्यायला लागलो. शाळेत एक मोठा टीव्ही होता, पंधरा ऑगस्टची भाषणं दाखवायला घेतलेला. भाईंदरच्या एका फॅब्रिकेटरकडून चार चाकांचा लोखंडी गाडा करून घेतला आणि टीव्ही त्यावर चढवला. संगणकात एक कार्ड बसवलं, की त्यातलं चित्र टीव्हीवर दिसे. शाळेत ठेवला तर त्यालाही मखमल चढेल म्हणून तो सीपीयू मी रोज पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या माझ्या घरून मांडीवर घेऊन रिक्षाने नेई आणि परत आणी. एका रिक्षावाल्याने विचारलं होतं, "मास्टरजी, रोज बिगड़ता है क्या?" मी म्हटलं, "ये नहीं, बाकी सब बिगड़ा हुआ है." त्याने रिक्षा सुरू केली.

धडे मी स्वतः करायचो. तयार सीड्या मिळत, पण त्या इंग्रजीत, आणि त्यातली मुलं गोरीगोमटी, टाय लावलेली. आमच्या वर्गातल्या मुलांना ते धडे दुसऱ्या कुणाचे तरी वाटले असते. मी मे महिन्याची अख्खी सुट्टी माउस धरून हृदय काढत बसलो. एका ठोक्याला चोवीस चित्रं लागली. जूनमध्ये वर्गाच्या खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, बटण दाबलं, आणि टीव्हीवर लाल-निळं हृदय धडधडायला लागलं. मागच्या बाकावरच्या एकाने नकळत आपल्या छातीवर हात ठेवला. त्या हातासाठी मी पुढची कित्येक भांडणं केली आणि ती करताना मला मजा आली, हेही सांगून टाकतो.

माझा नियम एकच होता. वही बंद, पेन खाली, बघा. आमच्या शाळेत शिकवणं म्हणजे वही पूर्ण करणं. बाई किंवा सर फळ्यावर प्रश्न लिहिणार, त्याखाली उत्तर लिहिणार, मुलं ते उतरवून घेणार, मग लाल पेनाने बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख. झालं शिक्षण. मुलाला काही कळलं का, हे विचारायची पद्धत नव्हती. मला त्या लाल सहीचा तिटकारा होता. पंधरा वर्षं मीही ती केली होती, दिवसाला दोनशे दोनशे, बसमध्ये, जेवताना, एकदा तर डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत. टीव्ही वर्गात आला तसं मी जाहीर केलं की माझ्या विषयाला वहीची सक्ती नाही. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते वहीत लिहावं, मी तपासणार नाही.

स्टाफरूमला आयतं कोलीत मिळालं. "काय सर, आज मॅटिनी का?" "तिकीट लावा हो सर." ज्यांना स्वतःच्या मोबाइलवर आलेला मेसेज मुलाकडून वाचून घ्यावा लागायचा, ते नाकाने कांदे सोलत होते. मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला, की आपल्या विषयाच्या वह्या तपासणीस का आल्या नाहीत. मी लेखी उत्तर दिलं, "माझ्या विषयाच्या वह्या मुलांच्या डोक्यात आहेत. तपासायच्या असल्यास मुलांना बोलवावे." हे वाक्य मी आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होतो. बाईंनी ते फायलीला लावलं आणि चष्मा पुसला.

त्या वर्गात वरसाव्याहून, खाडीकाठच्या गावातून येणारी एक मुलगी होती. आई मासे विकायची. मुलगी सकाळी खाडीपुलाजवळून बस धरून काशीमिऱ्याला यायची आणि तिथून पुढे पायी. तीन महिने मी तिचा आवाज ऐकला नव्हता. एकदा हृदयाचा धडा दुसऱ्यांदा दाखवला आणि विचारलं, काही शंका? ती उभी राहिली.

"सर, माशाचं काळीज असं न्हाय."

वर्ग हसला. मी हसणाऱ्यांकडे पाहिलं तसा थांबला. तिला विचारलं, कसं असतं मग?

"बारकं असतं. कल्ल्यांच्या मागं. एक जाड गोली आणि तिला चिकटून एक पातल पिशवी. दोनच."

माणसाच्या हृदयाला चार कप्पे आणि माशाच्या हृदयाला दोन, हे पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ मी पंधरा वर्षं शिकवली होती आणि एकदाही मासा उघडून पाहिला नव्हता. बाजारातून साफ करून आणायचो आणि खायचो. ही मुलगी रोज संध्याकाळी ते कप्पे बोटाने बाजूला काढून टाकत होती. मी तिला म्हटलं, चित्र काढून आण. दुसऱ्या दिवशी तिने विज्ञानाच्या कोऱ्या वहीच्या मधल्या पानावर पेन्सिलीने काढून आणलं. जाड गोळी छायेने भरलेली, पातळ पिशवी नुसत्या रेघेची, कल्ले, त्यांत जाणारी रक्तवाहिनी, आणि बाजूला आपल्या तिरक्या अक्षरात नावं. इतकं नेमकं चित्र मी कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

ती वही मी चार दिवस घरी ठेवली. तिच्या पानावरून एकेक रेघ संगणकावर उतरवली आणि ते काळीज चालू केलं. अकरा मिनिटांचा धडा झाला. मी केलेल्या सगळ्या धड्यांत तो सगळ्यात चांगला. वर्गात दाखवला तेव्हा ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती आणि तोंडावर हात धरून बघत होती. वही मी तिला परत दिली. पानावर सही केली नाही, कारण मी सह्या करत नव्हतो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तिची आई आली. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई तिला स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी घेऊन आल्या. बाजारातून थेट आलेली दिसत होती. रिकामी टोपली तिने दाराबाहेर ठेवली होती, आणि टोपलीजवळ मुलगी उभी होती, मान खाली घालून. आईने पदराखालून वही काढली आणि माझ्या डब्यासमोर उघडून ठेवली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं.

"ही बगा मास्तर. कोरी. जूनपासून कोरी."

मी म्हटलं, माहीत आहे मला.

"बाकीच्या वह्या भरल्यात. तुमचीच कोरी. पोर बोलते, सर शालेत टीवी दावतात." तिने टीव्ही हा शब्द असा उच्चारला, जणू खोटं बोलायला पोरीला दुसरं काही सुचलंच नव्हतं. "मी रोज संध्याकाली वह्या बगते. मना वाचता येत न्हाय. लाल सई बगते. सई दिसली का समाधान, पोर शालेत व्हती, मास्तरांनी तिला बगितली. घरात सगली बोलतात, पोरीला घरी बसव, मोठी झाली. मी त्यांना वह्या काढून दावते. आता ही कशी दावू? ते विचारतात, ह्या तासाला पोर कुटं असते?"

मग तिने मधलं पान काढलं. माशाचं काळीज.

"येवडं येक पान हाय. ह्यावर पन सई न्हाय."

तिला काय हवं होतं ते आज मला इतकं स्वच्छ दिसतं. तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं: तुमची मुलगी रोज माझ्या वर्गात असते. ते खरं होतं. पुढे हवं तर मी असंही म्हणू शकलो असतो, की माझ्या पंधरा वर्षांत तिच्यासारखी विद्यार्थिनी मिळाली नाही. तेही खरं होतं. पण मला दिसत होत्या फक्त मोठ्या बाई. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि आजूबाजूला सगळी स्टाफरूम डबे उघडे ठेवून बघत होती. मला वाटलं, हा माझा पाणउतारा करायला मुद्दाम आणलेला साक्षीदार आहे. माझ्या डोक्यात सणक गेली.

"हे पाहा बाई," मी म्हटलं, "वही भरली म्हणजे शिक्षण झालं, असं नसतं. ही नवी पद्धत आहे. तुम्हाला नाही कळायचं ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"न्हाय कलत," ती म्हणाली. "बरोबर हाय. म्हणून तर पोरीला धाडली व्हती."

तिने वही मिटली, पदराखाली घातली आणि बाहेर जाऊन टोपली उचलली. मुलीने एकदा आत पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या गाड्यावरच्या टीव्हीकडे. मग दोघी गेल्या. मुलीचं दप्तर पुन्हा आमच्या शाळेत आलं नाही.

मोठ्या बाई थांबल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, झालं समाधान? त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही.

"सर, वह्या मी तुम्हाला अडवायला मागत नाही. शाळेतून घरी जाणारी ती एकच गोष्ट असते. बाकीचं सगळं इथंच राहतं."

मला त्या वेळी तो टोमणा वाटला. मी उलट काहीतरी लागट बोललो, काय ते आठवत नाही. बाईंची ही एक गोष्ट मात्र विसरता आली नाही, आणि याबद्दल मला त्यांचा अजूनही राग येतो. ज्या माणसाला आपण मूर्ख ठरवून टाकलंय त्याने असं काही बोलू नये.

दोन आठवडे हजेरीवर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती. वर्गात मी पहिल्या बाकाकडे बघायचं टाळत होतो. स्टाफरूममध्ये मात्र मी तावातावाने बोलत होतो, की या लोकांना मुलींना शिकवायचंच नसतं, निमित्त हवं असतं. बाकीचे वह्या तपासत राहिले. मग एका रविवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वही आणली आणि जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलो. जूनपासूनचे सगळे धडे. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. ज्या प्रकाराला मी सहा महिने शिव्या घालत होतो तोच प्रकार मी सुबक अक्षरात, समास आखून केला. प्रत्येक धड्याखाली लाल खूण, सही, आणि मागची तारीख. मनात म्हणत होतो, वही पाहिजे ना तुला, घे वही. पश्चात्ताप झाला होता म्हणून लिहीत होतो असं सांगायला आवडलं असतं, पण लिहिताना माझे दात आवळलेले होते.

ती वही घेऊन मी वरसाव्याला गेलो. घर विचारत विचारत पोचलो तेव्हा मायलेकी अंगणात बसून मासे साफ करत होत्या. मुलीने मला पाहिलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं. आईने मला बसायला पाट दिला. माझ्या टेबलापाशी तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी वही पुढे केली. म्हटलं, "घ्या. पूर्ण आहे. सह्याही आहेत. घरात दाखवा आणि मुलीला सोमवारपासून पाठवा."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि वही घेतली. पहिलं पान पाहिलं. सहीवरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा वर सरकला, उत्तरांच्या ओळींवरून हळूहळू गेला. दुसरं पान. तिसरं पान. मला वाटलं, जमलं.

"मास्तर, हे माझ्या पोरीचं अक्षर न्हाय."

मी वहीतल्या माझ्या अक्षराकडे पाहिलं.

"मना वाचता येत न्हाय," ती म्हणाली, "पन रोज बगते. तिची अक्षरं वाकरी, पुढं झुकलेली. ही सरल उबी हायत." तिने वही मिटून माझ्या हातात दिली. "तवा मना वाटलं पोर खोटं बोलते. आता तुमी पन खोटं बोलता. कुनाचं खरं धरू?"

खरं सांगायची माझी वेळ गेली होती. हातात खोटी वही धरून, तुमची मुलगी रोज वर्गात होती, हे वाक्य कुणी बोलू शकत नाही. मी मुलीकडे पाहिलं. तू तरी सांग आईला, असं म्हणालो. काय हा निर्लज्जपणा. तिने माशावरून हात न उचलता उत्तर दिलं.

"सर, तुमी त्या दिवशी बोलायचं व्हतं."

मी परत आलो. पुढच्या महिन्यात हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ मारली गेली. ती मात्र मलाच मारावी लागली, वर्गशिक्षक मी होतो. ती आईबरोबर सिल्व्हर पार्कच्या मासळी बाजारात बसायला लागल्याचं कानावर आलं. तिकडे मासे घ्यायला जाणं मी बंद केलं.

हे इथंच संपलं असतं तर मी स्वतःला अडाणी आईचा आणि जुनाट शाळेचा बळी समजून सुखात राहिलो असतो. माझी तेवढी तयारी झालीच होती. पण जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्याच शाळेत भरलं. शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साहित्याचा एक वेगळा विभाग होता. मी माशाच्या काळजाचा धडा मांडला. परीक्षक म्हणून एक साहेब आले. विज्ञानाशी त्यांचा संबंध नसावा, कारण त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हा मासा कुठला. मग म्हणाले, "छान आहे. पण हे मुलांपर्यंत पोचतं कशावरून? एखाद्या विद्यार्थ्याची वही आहे का?"

तोच प्रश्न. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी हसलो. धावत जाऊन स्टाफरूममधली गादीची खुर्ची आणली. "बसा ना साहेब," मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या, लगेच कळेल तुम्हाला." चहा सांगितला. बटण दाबलं. काळीज धडधडायला लागलं आणि मी साहेबांच्या कानाशी वाकून एकेक गोष्ट समजावून दिली, जाड गोळी कुठली, पातळ पिशवी कुठली, रक्त कल्ल्यांत कसं जातं. मध्येच त्यांनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं.

"चित्रं कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझीच," मी म्हटलं.

पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या बाईंनी प्रमाणपत्र दिलं तेव्हा टाळ्या वाजल्या. नंतर मी वायरी गुंडाळायला गाड्यापाशी आलो आणि ती गादीची खुर्ची तिथंच होती. हाच गाडा, हाच टीव्ही, दिवाळीनंतरच्या त्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी असाच जोडून ठेवलेला होता, कारण पुढचा तास माझा होता. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. धडा अकरा मिनिटांचा होता. मुलीची आई माझ्यासमोर त्याहून जास्त वेळ उभी होती.